शिकाऱ्याने आखलेली मर्यादा

थिओडोर रूझवेल्ट यांचा जन्म न्यूयॉर्क शहरातील एका सधन कुटुंबात २७ ऑक्टोबर १८५८ रोजी झाला. बालपणी दम्याने ते इतके जर्जर होत की, कित्येक रात्री त्यांना बसून काढाव्या लागत. शरीर दुर्बल, परंतु जिज्ञासा मोठी प्रबळ! एकदा बाजारात मेलेला सील मासेविक्याच्या दुकानापुढे दिसला. त्याची कवटी मिळवून या मुलाने घरातच आपले वस्तुसंग्रहालय थाटले. पुढे व्यायामाने त्यांनी शरीर कमावले आणि शिकारीचाही छंद जोडला.

१८८३ साली बायसन नावाच्या रानबैलाची शिकार करण्यासाठी ते डाकोटाच्या माळरानात गेले. या माळरानांवर पूर्वी बायसनांचे प्रचंड कळप चरत असत. आता मात्र एक बायसन दृष्टीस पडावयास कित्येक दिवस वणवण करावी लागली. कातडी विकणाऱ्यांनी कळपच्या कळप नाहीसे केले होते. जमीन सरकारची, म्हणजे कोणाचीच नव्हे, अशी जो तो समजूत करून घेई. रूझवेल्टांनीही आपला बायसन मारलाच. परंतु हे असेच चालले, तर पुढील पिढीस रान उरेल, रानातले प्राणी उरणार नाहीत, ही गोष्ट त्यांच्या मनात हळूहळू ठसत गेली.

१८८७ साली त्यांनी शिकारी मित्रांचे एक मंडळ स्थापन केले. पाण्यात पोहणाऱ्या प्राण्यास नावेतून मारू नये, खोल बर्फात रुतलेल्या हरणाचा जीव घेऊ नये, अशी बंधने या मंडळींनी स्वतःवर घालून घेतली. यलोस्टोन हे राष्ट्रीय उद्यान १८७२ सालीच लोकांच्या विहारासाठी राखले गेले होते. तेथे शिकारीस मनाई होती, पण ती मोडणारास केवळ हद्दीबाहेर घालवून देत. तो पुन्हा आत शिरे! १८९४ साली कायदा होऊन अशा चोरट्या शिकारीस तुरुंगवास व दंड ठरला. त्यासाठी या मंडळाने नेटाने प्रयत्न केले होते.

१९०१ साली रूझवेल्ट अमेरिकेचे अध्यक्ष झाले. दुसऱ्या वर्षी मिसिसिपीच्या रानात सोबत्यांनी एक अस्वल झाडाला बांधून त्यांच्यापुढे उभे केले. बांधलेल्या प्राण्यावर गोळी झाडण्यास त्यांनी साफ नकार दिला. जखमांनी विव्हळणाऱ्या त्या अस्वलाचा शेवट मात्र दुसऱ्यांना करावा लागला. तुम्ही पाहता ते खेळण्यातले ‘टेडी’ अस्वल या प्रसंगावरूनच निघाले.

त्या काळी स्त्रियांच्या टोप्यांवर पिसे खोवण्याची टूम होती, आणि तिच्यापायी फ्लॉरिडात पक्ष्यांचा संहार चालला होता. तेथील पेलिकन बेट अवघे पाच-सहा एकरांचे. पाणकोळी पक्षी तेथे घरटी करीत. १९०३ साली रूझवेल्टांनी ते पक्ष्यांसाठी राखून ठेवले, आणि पॉल क्रोगेल हा नावा बांधणारा मनुष्य महिना १ डॉलर वेतनावर त्याचा राखणदार झाला.

खरी कसोटी लागली ती १९०७ साली. पश्चिमेकडील सहा राज्यांत अध्यक्षांनी नवी राखीव जंगले करू नयेत, असे कलम विधिमंडळाने एका खर्चाच्या विधेयकास जोडले. विधेयक अडवावे, तर सरकारी खर्च खोळंबणार! रूझवेल्टांनी सहीपूर्वीचे दिवस हाती घेतले. वनप्रमुख गिफर्ड पिंचो यांच्या कचेरीत नकाशांवर अहोरात्र रेघा ओढल्या गेल्या. सुमारे १ कोटी ६० लक्ष एकर जंगल राखीव झाले, आणि मगच त्यांनी विधेयकावर सही केली. विरोधक संतापले, पण काम कायद्यात बसणारे होते.

अध्यक्षपद सोडल्यावर १९०९ साली ते आफ्रिकेत गेले. तेथे त्यांनी व त्यांच्या पुत्राने मिळून पाचशेहून अधिक प्राणी मारले. ते वस्तुसंग्रहालयासाठी होते हे खरे. तरीही हा आकडा वाचताना मन अडखळते. शिकार त्यांनी कधीच सोडली नाही.

६ जानेवारी १९१९ रोजी झोपेतच त्यांचे निधन झाले. त्यांनी राखलेली सार्वजनिक जमीन सुमारे २३ कोटी एकर भरते. तिच्यावर कोठे परवाना घेऊन, ठरलेल्या ऋतूतच शिकार करता येते. कोठे केवळ सहलीस जाता येते. पेलिकन बेटावर मात्र माणसाने पाऊल ठेवावयाचे नाही. लोक दूर उभे राहून घरट्यांकडे पाहतात.