नायगमवालांची दुर्बीण

दुर्बीण घ्यायची म्हटलं की आपला पहिला प्रश्न ठरलेला: किती इंची? डोळा जिथे लावायचा त्या आयपीसचा विचार सगळ्यात शेवटी, तोही उरलेल्या पैशात. 1880 च्या दशकात मुंबईच्या एका पारशी प्राध्यापकाने मात्र आधी डोळ्याकडच्या टोकाचा विचार केला.

कावसजी दादाभाई नायगमवाला यांचा जन्म 1857 चा. एल्फिन्स्टन कॉलेजात शिकले आणि तिथेच फिजिक्स शिकवायला लागले. भावनगरचे महाराज तख्तसिंहजी यांनी त्यांना वेधशाळेसाठी 5000 रुपये दिले, मुंबई सरकारने तेवढेच घातले. आपण असतो तर लगेच ऑर्डर दिली असती! हे आधी 1884 साली इंग्लंडला गेले, जाणकारांचा सल्ला घेतला. ठरलं असं की नुसतं डोळ्याने ग्रह-तारे बघायचे नाहीत; दुर्बिणीला स्पेक्ट्रोस्कोप जोडायचा आणि प्रकाश फोडून तारा कशाचा बनलाय ते शोधायचं.

पुढे ते पुण्याच्या कॉलेज ऑफ सायन्समध्ये आले आणि 1888 साली वेधशाळाही तिथेच उभी राहिली. हे कॉलेज म्हणजेच नंतरचं सीओईपी. इंजिनिअरिंगच्या पोरांच्या आवारात डब्लिनच्या ग्रब कंपनीची दुर्बीण! तिथली 20 इंची आरशाची दुर्बीण पुढे बरीच वर्षं भारतातली सर्वांत मोठी होती.

आरसा काचेचा, वर चांदीचा पातळ थर. दमट हवेत चांदी काळवंडते, मग थर काढून पुन्हा चढवायचा. आजच्या आयपीसला ही कटकट नाही, पण वेगळी आहे. भिंगांवर कोटिंग असतं आणि आपल्या वणीत कोळशाची धूळ कुठे नाही? रुमालाने किंवा टी-शर्टने पुसलं की ती धूळच कोटिंगवर ओरखडे काढते. आधी रबरी ब्लोअरने फुंकायचं (तोंडाने नाही, थुंकी उडते), मग मऊ ब्रश. तरीही बोटाचा डाग राहिलाच तर कापसाच्या बोळ्यावर आयसोप्रोपिल अल्कोहोलचे एक-दोन थेंब घेऊन अलगद फिरवायचं. थेंब थेट भिंगावर टाकला तर कडेने आत उतरतो. आणि आयपीस खोलायचं तर मुळीच नाही! नागलर नावाचं महागडं आयपीस मिळतं, त्याचा आपल्या नायगमवालांशी काही संबंध नाही. पण ते घेण्याआधी साधं प्लॉसल सांभाळून दाखवावं, असं माझं मत.

तर नायगमवाला. 1891 साली त्यांनी मृग नक्षत्रातल्या तेजोमेघाचा वर्णपट तपासला. त्यातली ठळक हिरवी रेषा मॅग्नेशियममुळे आहे, असं नॉर्मन लॉकियर म्हणत. लॉकियर म्हणजे त्या काळचं केवढं मोठं नाव! मॅग्नेशियमची असती तर ती एका बाजूला पुसट होत गेलेली दिसायला हवी होती. नायगमवालांना ती स्वच्छ, रेखीव दिसली आणि त्यांनी तसं छापून टाकलं. रेषेचा खरा उलगडा 1927 मध्ये अमेरिकेच्या बोवेन यांनी केला: ती दोन इलेक्ट्रॉन गमावलेल्या ऑक्सिजनची निघाली. तेव्हा नायगमवाला सत्तरीचे होते.

22 जानेवारी 1898 चं खग्रास सूर्यग्रहण तर आपल्या विदर्भावरूनही गेलं. इंग्रज शास्त्रज्ञांची एक तुकडी वर्ध्याजवळ पुलगावला उतरली होती. नायगमवालांनी सोलापूरकडचं जेऊर निवडलं. अमेरिकेतल्या लिक वेधशाळेचे कॅम्पबेलही तिथेच होते. खग्रास स्थिती जेमतेम दोन मिनिटं. तेवढ्यात त्यांनी प्रभामंडलाचे आणि वर्णपटाचे फोटो घेतले. त्याचा सविस्तर अहवाल 1902 साली निघाला.

1912 मध्ये ते रिटायर झाले आणि वेधशाळाच बंद झाली. गडी एकटा होता, त्याच्या जागी पुढे चालवणारं कोणी तयार झालं नव्हतं. मला विचाराल तर या सगळ्या गोष्टीतली खरी हळहळ हीच. उपकरणं कोडाईकनालला रवाना झाली. नायगमवाला 1938 मध्ये वारले. त्यांची 20 इंची दुर्बीण मात्र 1980 च्या दशकात आणखी वर, लेहला पोचली. लडाखचं आकाश नव्या वेधशाळेसाठी कितपत चांगलं आहे, ते तपासायच्या कामावर.