सूत, यंत्र आणि शिल्प : श्रेष्ठीवर्य कस्तुरभाई लालभाई

श्रेष्ठीवर्य कस्तुरभाई लालभाई यांचे नाव आपल्या समाजात निघते ते बहुधा शेठ आनंदजी कल्याणजी पेढीचे प्रदीर्घ काळ अध्यक्ष आणि राणकपूर, देलवाडा येथील जीर्णोद्धाराचे सूत्रधार म्हणून. ते यथायोग्यच आहे. परंतु ज्या दृष्टीने त्यांनी ते धर्मकार्य पार पाडले, ती दृष्टी कापडाच्या गिरणीत घडली होती, ही बाजू सहसा सांगितली जात नाही. प्रस्तुत लेखकाचा जन्म कापडाच्या गाठी उघडण्यात गेला असल्याने ती बाजू मांडण्याचा मोह आवरत नाही.

कस्तुरभाईंचा जन्म १९ डिसेंबर १८९४ रोजी अहमदाबादेत झाला. मोगल दरबारी मान असलेले नगरशेठ शांतिदास झवेरी हे त्यांचे पूर्वज. १९१२ साली पिता लालभाई दलपतभाई यांचे अकाली निधन झाले आणि सतरा वर्षांच्या मुलास महाविद्यालय सोडून रायपूर मिलमध्ये यावे लागले. तेथे त्यांनी शेठपणा मिरवला नाही. कापसाच्या खरेदीसाठी ते गावोगाव हिंडले. बोंड हातात घेऊन धाग्याची लांबी व बळ पारखण्याचे जे ज्ञान या भटकंतीत मिळाले, तेच पुढे त्यांच्या सर्व निर्णयांच्या मुळाशी राहिले, असे आमचे मत आहे.

त्या काळी अहमदाबादच्या गिरण्या मुख्यतः जाडेभरडे व मध्यम कापड विणीत. आपला देशी कापूस आखूड धाग्याचा. त्यातून बारीक नंबरचे सूत निघत नसे. मलमल, वॉयल असा तलम माल लँकेशायरहून येई. १९३० च्या सविनय कायदेभंगात विलायती कापडावर बहिष्कार पडला आणि बाजारात पोकळी निर्माण झाली. बहुतेक गिरणीवाल्यांनी आहे तोच माल अधिक विणून ती भरून काढण्याचा विचार केला असता तर नवल नव्हते. दुकानदाराची रीत तीच असते. कस्तुरभाईंनी निराळा हिशेब मांडला. ज्याने एकदा तलम कापड अंगावर घातले, तो फार दिवस जाड्यावर राहणार नाही, हे त्यांनी ओळखले. जगभर मंदी असताना १९३१ साली त्यांनी अरविंद मिलची स्थापना केली. ५२,५६० चात्या आणि १,१२२ माग अशी तिची योजना प्रथमपासूनच बारीक सुतासाठी केलेली होती. त्यासाठी लागणारा लांब धाग्याचा कापूस मात्र परदेशातून आणावा लागे. स्वदेशीच्या नावाने विणलेल्या कापडात परदेशी कापूस, ही विसंगती खादीच्या कैवाऱ्यांना खटकली असेल, आणि ती निव्वळ नाकारता येणारही नाही. तथापि विणकामाची मजुरी व नफा देशातच राहिला, हेही तितकेच खरे.

यंत्र सुधारले की मजुरीचा प्रश्न येतोच. १९३६ साली अहमदाबादच्या गिरणीमालकांनी वेतनकपातीची मागणी केली, तेव्हा लवाद म्हणून कामगारांच्या बाजूने महात्मा गांधी व मालकांच्या बाजूने कस्तुरभाई बसले. दोघांचे एकमत झाले नाही. सरपंच म्हणून आपल्या मराठी मुलखातील निवृत्त न्यायमूर्ती सर गोविंदराव माडगावकर यांना नेमण्यात आले व त्यांचा निवाडा कपातीच्या विरुद्ध गेला. येथे कस्तुरभाईंची बाजू मान्य झाली नाही, हे चरित्रकाराने झाकून ठेवू नये.

त्यांचे सर्वांत दूरदर्शी कार्य आम्हास गिरणीबाहेरचे वाटते. युद्धकाळात जे विणले ते खपले, त्यामुळे यंत्रे झिजली आणि मालकही निश्चिंत झाले. अशा भरभराटीच्या वेळी एकमेकांच्या स्पर्धेत उभ्या असलेल्या गिरण्यांनी एकत्र येऊन संशोधनसंस्था काढावी, हा विचार कोणाच्या गळी उतरणार? आपल्या खात्यात सूत किती तुटते, माल किती वाया जातो, हे शेजाऱ्यास कळू देण्यास कोणता व्यापारी राजी होतो? तरीही १९४७ साली ‘अटिरा’ ही संस्था उभी राहिली. तिच्या संचालकपदी कस्तुरभाईंनी विक्रम साराभाई यांना मान्य केले. साराभाई तेव्हा अवघे अठ्ठावीस वर्षांचे. विषय विश्वकिरणांचा, कापड गिरणीचा अनुभव नाही. आमच्यासारख्याने प्रथम अनुभवाचा दाखला मागितला असता! या संस्थेने संख्याशास्त्राच्या साहाय्याने सुताची प्रत तपासण्याची पद्धत गिरण्यांत रुजवली, आणि डॉ. कमला चौधरी यांच्या नेतृत्वाखाली कामगारांच्या मनोव्यापारांचाही अभ्यास केला. नवे यंत्र चालविणारा मनुष्य जुन्याच भीतीत राहिला तर यंत्राचा उपयोग अर्धाच होतो, ही जाण त्या काळी दुर्मिळ होती.

रंगांच्या बाबतीतही असेच घडले. आपण जर्मनी, स्वित्झर्लंड व इंग्लंडच्या रंगांवर अवलंबून होतो. अमेरिकन सायनामिड कंपनीचे तंत्रज्ञान घेऊन वलसाडजवळ अतुलचा कारखाना उभा राहिला व १९५२ साली पंडित नेहरूंच्या हस्ते त्याचे उद्घाटन झाले.

मात्र मंदिरांच्या जीर्णोद्धारात हाच मनुष्य घाई करीत नसे. तेथे त्यांनी सोमपुरा शिल्पींच्या छिन्नीवर विश्वास ठेवला, मूळ संगमरवराशी जुळणारा दगड धुंडाळला आणि जुन्या कोरीव कामाशी नवे काम एकजीव व्हावे असा आग्रह धरला. हस्तलिखितांसाठी त्यांनी लालभाई दलपतभाई भारतीय संस्कृती विद्यामंदिर स्थापिले. मुनिश्री पुण्यविजयजी महाराजांनी आपला अमूल्य संग्रह त्यास दिला. ही पुरातन ताडपत्रे ज्या वास्तूत ठेवली, ती मात्र बाळकृष्ण दोशी यांनी रचलेली, पूर्णतः आधुनिक आहे.

१९६९ साली त्यांना पद्मभूषण मिळाले. २० जानेवारी १९८० रोजी ते कालवश झाले. त्यानंतरच्या दहा-पंधरा वर्षांत यंत्रमागांच्या स्वस्त मालापुढे अहमदाबादच्या एकामागून एक गिरण्या बंद पडल्या आणि हजारो कुटुंबांची रोजी गेली. अरविंदच्या पुढच्या पिढीने मात्र त्याच दशकात डेनिमचे कापड विणावयास घेतले.