वाऱ्याची मोट बांधणारा शिक्षक

अशक्य खटाटोपाला मराठीत वाऱ्याची मोट बांधणे म्हणतात. डेन्मार्कमधील अस्कोव नावाच्या खेड्यात एका शिक्षकाने ही मोट खरोखरच बांधली होती. पवनचक्कीने वीज निर्माण करायची, त्या विजेने पाण्याचे विघटन करायचे आणि सुटणारा हायड्रोजन टाकीत भरून ठेवायचा, अशी ती योजना होती. १८९५ ते १९०२ अशी सात वर्षे त्या टाकीतील वायूवर एका विद्यालयाचे दिवे जळत होते. या शिक्षकाचे नाव पोल ला कूर. ज्या वायूच्या निर्मितीसाठी भारत सरकारने जानेवारी २०२३ मध्ये १९,७४४ कोटी रुपयांचे राष्ट्रीय अभियान मंजूर केले, तोच हा वायू. मात्र त्याला हरित हायड्रोजन म्हणण्याची प्रथा तेव्हा नव्हती.

ला कूर यांचा जन्म १३ एप्रिल १८४६ रोजी पूर्व युटलंडमधील एबेलटोफ्ट गावाजवळच्या एका शेतवाडीवर झाला. घराण्याचे नाव फ्रेंच वळणाचे असले तरी घर अस्सल डॅनिश शेतकऱ्याचे होते. वडील बंधू योर्गन हे पुढे शेतीसुधारणेच्या कार्यात नावाजले. पोल यांनी कोपनहेगन विद्यापीठात पदार्थविज्ञान आणि हवामानशास्त्र यांचा अभ्यास केला. १८७२ मध्ये डेन्मार्कची हवामान संस्था स्थापन झाली, तेव्हा अवघ्या सव्विसाव्या वर्षी ते तिचे उपप्रमुख झाले. वाऱ्याशी त्यांचा पहिला परिचय झाला तो असा, नोंदवह्यांतून आणि आकड्यांतून.

त्या काळी हवामानाची वार्ता तारेने येत असे आणि तारा अपुऱ्या पडत. एकाच तारेवरून एका वेळी अनेक संदेश पाठवता यावेत, म्हणून ला कूर यांनी नादकाट्यांचा उपयोग करून पाहिला. प्रत्येक संदेशाला स्वतंत्र स्वर द्यावा आणि पलीकडच्या टोकाला त्या त्या स्वराच्या काट्याने आपापला संदेश वेचून घ्यावा, ही ती कल्पना. अमेरिकेत अलेक्झांडर ग्रॅहम बेल आणि एलिशा ग्रे हेही त्याच सुमारास याच वाटेवर होते. ला कूर यांचे स्वरचक्र नावाचे उपकरण दूरदूरची यंत्रे एका तालात फिरवू शकत असे, आणि पुढे तारायंत्राच्या व्यवहारात त्याचा उपयोगही झाला. डॅनिश एडिसन ही उपाधी त्यांना मिळाली ती या कामगिरीमुळे. त्यांनी हाच मार्ग धरला असता तर कोपनहेगनमध्ये पैसा आणि प्रतिष्ठा दोन्ही त्यांना लाभली असती.

परंतु १८७८ मध्ये त्यांनी राजधानी सोडली आणि ते अस्कोवच्या लोकविद्यालयात शिक्षक म्हणून रुजू झाले. या निर्णयामागे त्या देशाची एक जखम होती. १८६४ च्या युद्धात डेन्मार्कला श्लेस्विग आणि होलस्टाइन हे प्रांत गमवावे लागले. देशातील पहिले लोकविद्यालय रोडिंग येथे १८४४ मध्ये निघाले होते. नवी सीमा आखली गेली आणि ते गाव पलीकडे, परक्या राजवटीत गेले. तेव्हा शिक्षकांनी विद्यालय सीमेच्या अलीकडे, अस्कोवला आणले. सीमाभागातील शाळा म्हणजे काय, हे ज्यांना अनुभवाने ठाऊक आहे त्यांना या स्थलांतराचा अर्थ वेगळा सांगावा लागणार नाही. धर्मोपदेशक आणि कवी ग्रुंटविग यांच्या विचारांतून उभ्या राहिलेल्या या विद्यालयांत परीक्षा नव्हत्या आणि पदव्याही नव्हत्या. शेतकऱ्यांची वयात आलेली मुले तेथे काही महिने राहत, इतिहास, भाषा, गाणी, विज्ञान शिकत आणि आपल्या शेताकडे परतत. हरलेल्या देशाने आपले बळ आतून उभे करावे, हा त्यामागचा हेतू होता.

ला कूर तेथे गणित आणि पदार्थविज्ञान शिकवीत. त्यांची शिकवण्याची रीत निराळी होती. सिद्धांत तयार स्वरूपात फळ्यावर मांडण्याऐवजी तो माणसाला कसा सुचला, कोठे अडला, कोणी सोडवला, या क्रमाने ते विषय उलगडत. या रीतीने लिहिलेले त्यांचे गणितावरील पुस्तक १८८१ मध्ये निघाले. पुढे याकोब आपेल यांच्या सहकार्याने त्यांनी पदार्थविज्ञानाचाही असाच इतिहास लिहिला.

शिकवता शिकवता त्यांना एका गोष्टीची चिंता लागली. वाफेचे एंजिन आणि वीज यांचा लाभ शहरांना मिळत होता. कोळसा बाहेरून आणावा लागे, तो कारखान्यांना परवडे, खेड्याला परवडत नसे. खेड्यातील तरुण शहराकडे जात होते. डेन्मार्कच्या सपाट भूमीवर एकच गोष्ट फुकट आणि मुबलक होती, ती म्हणजे वारा. शेकडो वर्षे पवनचक्क्या तेथे धान्य दळीत आल्या होत्या. मग त्यांनी वीज का निर्माण करू नये? हा प्रश्न पडणारे ला कूर पहिले नव्हते. स्कॉटलंडमध्ये जेम्स ब्लाइथ यांनी १८८७ मध्ये आणि अमेरिकेतील क्लीव्हलँडमध्ये चार्ल्स ब्रश यांनी १८८८ मध्ये पवनचक्कीवर वीज निर्माण केली होती. पण ब्रश यांची १४४ पात्यांची प्रचंड चक्की एका धनिकाच्या हवेलीसाठी होती. ला कूर यांच्या डोळ्यांसमोर गाव होते.

सरकारी साहाय्याने १८९१ मध्ये अस्कोवला प्रयोगाची पवनचक्की उभी राहिली. पहिली अडचण वाऱ्याच्या लहरीपणाची. झुळुकीसरशी चक्कीचा वेग बदले आणि त्याबरोबर विजेचा दाबही. ला कूर यांनी पट्टे, चाके आणि वजने यांच्या जुळणीतून एक नियामक तयार केला आणि डायनॅमोपर्यंत पोचणारा जोर पुष्कळसा एकसारखा केला. त्याला त्यांनी क्रॅटोस्टॅट असे नाव दिले.

दुसरी अडचण अधिक बिकट होती. वारा रात्री वाहतो आणि दिवा संध्याकाळी हवा असतो. वीज साठवण्यासाठी शिशाच्या बॅटऱ्या होत्या, पण त्या महाग होत्या. येथे ला कूर यांनी इटलीतील पोम्पेओ गारुती यांच्या उपकरणाचा आधार घेतला. त्यात पाण्यातून वीज खेळवली की हायड्रोजन आणि ऑक्सिजन वेगवेगळे मिळत. हायड्रोजनसाठी १२ घनमीटरची टाकी बांधली गेली. हायड्रोजनची ज्योत जवळजवळ रंगहीन असते, तिच्याने वाचता येत नाही. म्हणून दोन्ही वायू दिव्याच्या तोंडाशी एकत्र आणून त्यांच्या प्रखर उष्णतेने झिर्कोनियाचा लहानसा तुकडा तापवीत आणि तो शुभ्र तेजाने उजळे. वारा पडला तरी टाकीतील साठा विद्यालयाला पुरत असे.

हे सारे सुरळीत मात्र नव्हते. हायड्रोजनमध्ये थोडासा ऑक्सिजन मिसळला तरी स्फोट होतो. अस्कोवच्या इमारतींच्या खिडक्यांच्या काचा अशा स्फोटांनी एकदा नव्हे, अनेकदा फुटल्या आणि ला कूर यांना त्या पुन्हा बसवाव्या लागल्या. आज हायड्रोजनच्या शुद्धतेसाठी आणि गळती ओळखण्यासाठी जी यंत्रणा उभारली जाते, तिची गरज त्या काचांनी तेव्हाच दाखवून दिली होती.

१२ घनमीटर हा साठा ऐकायला मोठा वाटतो. प्रत्यक्षात हा वायू इतका हलका आहे की साध्या दाबाला तेवढ्याचे वजन जेमतेम एक किलो भरते. आजच्या चांगल्या यंत्रालाही एक किलो हायड्रोजन तयार करण्यास पन्नास युनिटांहून अधिक वीज लागते आणि त्या किलोत ऊर्जा उरते सुमारे ३३ युनिट. त्या ऊर्जेची पुन्हा वीज करायची म्हटली तर तीही साधारण निम्मीच हाती येते. हे गणित ला कूर यांच्या काळी याहून अनुकूल असणे शक्य नव्हते. म्हणूनच १९०२ मध्ये त्यांनी हायड्रोजनचे दिवे बंद केले आणि बॅटऱ्या, विजेचे दिवे व वारा नसेल तेव्हा तेलावर चालणारे एंजिन अशी व्यवस्था स्वीकारली. अस्कोव गावाला वीज मिळू लागली ती या व्यवस्थेतून. सात वर्षे जोपासलेली कल्पना त्यांनी हट्ट न धरता बाजूला ठेवली, ही त्यांच्या चरित्रातील फार मोलाची गोष्ट आहे. आजही हायड्रोजनला खरी जागा आहे ती दिव्यात नाही; खत कारखान्यांत, तेलशुद्धीकरणात आणि पोलाद भट्ट्यांत, जेथे नुसत्या विजेने काम भागत नाही, तेथे आहे. वीज थेट वापरता येत असेल तेथे तिचा आधी वायू करणे हा आतबट्ट्याचा व्यवहार ठरतो, हे अस्कोवच्या अनुभवातून तेव्हाच दिसले होते. हरित हायड्रोजनच्या घोषणा ऐकताना हा भेद पुष्कळदा विसरला जातो.

दरम्यान पात्यांचा अभ्यास चालू होता. १८९६ पासून त्यांनी वाऱ्याच्या नळात, म्हणजे पंख्याने सोडलेल्या नियंत्रित प्रवाहात, छोट्या प्रतिकृती ठेवून मोजमापे घेतली. पाती जितकी अधिक तितकी शक्ती अधिक, ही रूढ समजूत या मोजमापांत टिकली नाही. मोजक्या पात्यांची, वेगाने फिरणारी चक्की वीजनिर्मितीला अधिक योग्य ठरते, असे त्यांना आढळले. १८९७ मध्ये अधिक मोठी चक्की उभी राहिली आणि प्रयोगांचे निष्कर्ष त्यांनी ग्रंथरूपाने प्रसिद्ध केले.

१९०३ मध्ये त्यांच्या पुढाकाराने डॅनिश वायुवीज संस्था स्थापन झाली. गावोगाव लहान वीजकेंद्रे उभारण्यास तिने मार्गदर्शन केले. पण केंद्र उभारले तरी ते चालवणार कोण? शहरातील अभियंता खेड्यात राहायला येत नाही. तेव्हा ला कूर यांनी अस्कोवला ग्रामीण वीजतंत्रज्ञांचे वर्ग सुरू केले. शेतकऱ्यांची मुले तारा जोडणे, डायनॅमो सांभाळणे, बॅटऱ्यांची निगा राखणे शिकू लागली. पवनचक्कीपेक्षाही हे वर्गच त्यांचे सर्वांत टिकाऊ काम म्हणावे लागेल.

२४ एप्रिल १९०८ रोजी, बासष्टावे वर्ष नुकतेच पूर्ण केलेले असताना, अस्कोव येथे त्यांचे निधन झाले. पुढे पहिल्या महायुद्धात बाहेरून येणारे इंधन आटले आणि त्यांच्या चक्क्यांचे मोल सर्वांना उमगले. १९१८ च्या सुमारास डेन्मार्कमधील सुमारे १२० स्थानिक वीजकेंद्रांकडे पवनचक्क्या होत्या; देशाच्या विजेतील त्यांचा वाटा ३ टक्क्यांच्या आसपास होता. युद्ध संपले, स्वस्त इंधन परत आले आणि चक्क्या हळूहळू थांबत गेल्या.

१९०४ च्या वर्गात योहानेस यूल नावाचा एक विद्यार्थी होता. उत्तरवयात, दुसऱ्या महायुद्धानंतर, त्याने पुन्हा वाऱ्याच्या विजेचा ध्यास घेतला आणि १९५७ मध्ये देशाच्या दक्षिण टोकाला गेडसर येथे तीन पात्यांची, २०० किलोवॅटची पवनचक्की उभी केली. ती दहा वर्षे चालली. १९७० च्या दशकात तेलाचे भाव भडकल्यावर जगाने पुन्हा वाऱ्याकडे पाहिले, तेव्हा अमेरिकेच्या नासा संस्थेला मोजमापांसाठी हीच चक्की दुरुस्त करून हवी होती. आज डेन्मार्कच्या विजेत वाऱ्याचा वाटा निम्म्याहून अधिक आहे. ला कूर यांचे पुत्र दान यांनी वडिलांची पहिली वाट धरली. ज्या हवामान संस्थेतून वडील बाहेर पडले होते, तिचे ते १९२३ मध्ये प्रमुख झाले.

अस्कोवची १८९७ मधील पवनचक्की १९२९ मध्ये आगीत जळाली. तिच्याखालची इमारत मात्र वाचली. तेथे आता पोल ला कूर यांच्या नावाचे संग्रहालय आहे.