विश्लेषण : एटीएम कार्डावरचा चमकणारा चौकोन आला कुठून? लेझरच्या आधी होलोग्राम शोधणाऱ्या डेनिस गॅबोर यांची गोष्ट

जुने मतदार ओळखपत्र किंवा डेबिट कार्ड हातात घेऊन जरा तिरके करा. चमकणाऱ्या चौकोनातले चित्र हलते, रंग बदलतात. त्याच कार्डाची झेरॉक्स काढली तर तिथे नुसता काळपट डाग उमटतो. नक्कल रोखणारी ही खूण म्हणजे होलोग्राम. गंमत अशी, की ज्यांनी त्याचे तत्त्व शोधले त्या डेनिस गॅबोर यांना नकली माल पकडायचा नव्हता. त्यांना अणू पाहायचा होता.

गॅबोर यांचा जन्म ५ जून १९०० रोजी हंगेरीतील बुडापेस्टमध्ये, ज्यू कुटुंबात झाला. शाळेत असतानाच भावासोबत त्यांनी घरात छोटी प्रयोगशाळा थाटली होती. ओढा भौतिकशास्त्राकडे, पण शिक्षण घेतले इंजिनीअरिंगचे. कारण भौतिकशास्त्र शिकून हंगेरीत पोट भरण्यासारखी स्थिती नव्हती. हा हिशेब आपल्याकडच्या घरांना नवा नाही.

बर्लिनमध्ये १९२७ मध्ये त्यांनी डॉक्टरेट मिळवली. त्या कामात त्यांनी इलेक्ट्रॉनचा झोत एकवटणारी चुंबकीय कॉइल बनवली होती. ती भिंगासारखी वापरून सूक्ष्मदर्शक करता येईल, हे मात्र त्यांच्या लक्षात आले नाही. त्याच संस्थेतील रुस्का आणि नॉल यांनी १९३१ मध्ये इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शक उभा केला. हुकलेली ही संधी गॅबोर यांच्या मनातून गेली नाही.

१९३३ मध्ये हिटलर सत्तेवर आला आणि सीमेन्समधील काम सोडून त्यांना जर्मनीबाहेर पडावे लागले. पुढच्या वर्षी इंग्लंडमधील रग्बी गावात ब्रिटिश थॉमसन-ह्यूस्टन कंपनीत ते रुजू झाले. महायुद्ध सुरू झाल्यावर परदेशी नागरिक म्हणून त्यांना गोपनीय कामापासून लांब ठेवण्यात आले. कंपनीच्या सुरक्षा कुंपणाबाहेरच्या एका शेडमध्ये ते आपले काम करत राहिले.

अडचण भिंगाची होती

तेव्हाच्या इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाची भिंगे सदोष होती. अणू दिसण्याआधीच चित्र फिसकटायचे. १९४७ च्या ईस्टरला गॅबोर यांना वेगळी वाट सुचली. टेनिस कोर्टवर आपली पाळी यायची वाट पाहत असताना सुचली, असे सांगितले जाते. भिंग सुधारत बसण्यापेक्षा खराब चित्रच घ्यायचे, पण त्यात लाटांची सगळी माहिती नोंदवायची आणि दोष नंतर प्रकाशाच्या मदतीने काढायचा.

सगळी माहिती म्हणजे काय? साधा फोटो प्रकाश कुठे किती तीव्र आहे एवढेच टिपतो. प्रकाशाची लाट त्या क्षणी चढावर होती की उतारावर, ही नोंद त्यात राहत नाही. खोलीची जाण त्या नोंदीतच असते. सिद्धेश्वर तलावाच्या शांत पाण्यात शेजारी शेजारी दोन दगड टाकले, की वर्तुळे एकमेकांत मिसळतात. काही ठिकाणी पाणी जास्त उसळते, काही ठिकाणी जवळपास स्थिर राहते. होलोग्राफीत एक लाट वस्तूवरून परतलेली असते आणि दुसरी थेट आलेली. दोन्ही मिसळून बनलेली नक्षी फिल्मवर उतरते.

ती फिल्म नुसती पाहिली तर काही कळत नाही. सोलापुरी चादरीच्या जेकार्डची कार्डे आठवा. कार्डावर फूल किंवा मोर नसतो, फक्त भोके असतात. मागावर चढवले, की चादरीवर नक्षी उमटते. होलोग्रामवर मूळच्यासारखा प्रकाश टाकला, की वस्तूवरून आलेली लाट पुन्हा तयार होते आणि वस्तू मागे असल्यासारखी दिसते. एक फरक मात्र मोठा. जेकार्डची निम्मी कार्डे काढली तर नक्षी अर्धीच येते. पण लेझरने टिपलेल्या होलोग्रामच्या काचेचा तुकडा पडला, तरी त्या तुकड्यातून सगळे दृश्य दिसते. खिडकी तेवढी लहान होते.

पारा दिव्यावरचा प्रयोग

कल्पना पक्की होती, पण तसा प्रकाश नव्हता. लाटा एका तालात चालणारा प्रकाश हवा होता आणि हाताशी होता पारा दिवा. त्याचा प्रकाश ३ मायक्रॉनच्या छिद्रातून सोडावा लागे, त्यामुळे एका छायाचित्राला काही मिनिटे जात. गॅबोर आणि सहायक आयव्हर विल्यम्स यांनी जेमतेम एक मिलिमीटरच्या चित्रावर प्रयोग केला. त्यावर हायगेन्स, यंग आणि फ्रेनेल या प्रकाशशास्त्रज्ञांची नावे होती. १९४८ मध्ये ‘नेचर’मध्ये निबंध छापून आला. मात्र मूळ प्रतिमेवर तिचीच दुसरी अस्पष्ट प्रतिमा चढत असे आणि तो दोष जाईना. १९५० च्या दशकाच्या मध्यापर्यंत गॅबोर यांनीही हा विषय बाजूला ठेवला.

१९६० मध्ये लेझर आला. अमेरिकेतील मिशिगन विद्यापीठात लीथ आणि उपात्निक्स यांनी दुसरा झोत तिरका सोडून जोड प्रतिमेची कटकट संपवली. १९६४ मध्ये त्यांनी खेळण्यातल्या रेल्वे इंजिनाचा होलोग्राम दाखवला, तेव्हा पाहणारे थक्क झाले. सोव्हिएत संघात डेनिस्युक यांनी साध्या प्रकाशात दिसणारा होलोग्राम स्वतंत्रपणे केला. १९७१ चे नोबेल मात्र एकट्या गॅबोर यांना मिळाले. मूळ कल्पना त्यांचीच, हे खरे; पण ती चालती करणारे हात बाहेर राहिले, हेही खरे.

कार्डावरचा होलोग्राम अमेरिकेतील बेंटन यांच्या इंद्रधनुषी पद्धतीचा वारस आहे. नक्षीच्या सूक्ष्म खाचांचा धातूचा साचा करून तो प्लास्टिकच्या चकचकीत पट्टीवर दाबतात. एकदा साचा झाला, की लाखो छाप स्वस्तात निघतात; अवघड असतो तो पहिला साचा. १९८३ मध्ये मास्टरकार्डने तो कार्डावर आणला. विमानाच्या टायरमधील लपलेले दोष शोधायलाही होलोग्राफी वापरतात. २०१४ च्या प्रचारात अनेक शहरांत एकाच वेळी दिसलेली नेत्यांची ‘थ्रीडी’ भाषणे मात्र होलोग्राम नव्हती. ती पारदर्शक पडद्यावरच्या परावर्तनाची, एकोणिसाव्या शतकातल्या नाटकवाल्यांची जुनी युक्ती होती.

१९७४ मध्ये गॅबोर यांना पक्षाघाताचा झटका आला आणि त्यांचे वाचणे-लिहिणे थांबले. फेब्रुवारी १९७९ मध्ये लंडनमध्ये त्यांचे निधन झाले. त्याच सुमारास जपानमध्ये हिताची कंपनीत अकिरा तोनोमुरा यांनी होलोग्राफीसाठी लागतो तसा, एका तालातला इलेक्ट्रॉन झोत तयार केला होता. १९८० च्या दशकात त्याच झोताने घेतलेल्या होलोग्राममध्ये चुंबकीय क्षेत्राच्या रेषा दिसू लागल्या. गॅबोर यांनी होलोग्राफी मुळात इलेक्ट्रॉनसाठीच योजली होती.