फेलोशिपची पीएचडी की नावाजलेली पदवी? बाबासाहेबांनी हा हिशेब कसा सोडवला?

सोलापूर : एका विद्यापीठाचे नाव मोठे, पण सगळा खर्च आपला. दुसऱ्याचे नाव घरात कुणी ऐकलेले नाही, पण फेलोशिप मिळतेय. पीएचडीला जाणाऱ्यांच्या घरात हा हिशेब हमखास मांडला जातो. शंभर वर्षांपूर्वी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांपुढेही साधारण असाच पेच होता.

आधी पैसे कुठे मिळाले?

1913 मध्ये वडील सुभेदार रामजी वारले. त्याच वर्षी बडोद्याच्या सयाजीराव गायकवाडांनी बाबासाहेबांना अमेरिकेतील शिक्षणासाठी शिष्यवृत्ती दिली. दरमहा साडेअकरा पौंड, तीन वर्षे. कोलंबिया विद्यापीठ आज जगभर नावाजलेले आहे; पण तेव्हा आपल्याकडे खरा मान विलायतेच्या पदवीला होता. बाबासाहेबांनी मिळालेली संधी घेतली. 1915 मध्ये एमए झाले, पुढच्या वर्षी पीएचडीचा प्रबंधही तयार झाला.

अर्थात हा पैसा फुकटचा नव्हता. शिकून आल्यावर दहा वर्षे बडोदा संस्थानात नोकरी करायची, असा करार होता. (आजही फेलोशिपच्या पत्रातला बाँडचा परिच्छेद आपण सर्वांत शेवटी वाचतो!)

मग लंडनचे काय?

1916 मध्ये ते लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समध्ये दाखल झाले, ग्रेज इनमध्ये बॅरिस्टरीलाही नाव घातले. पण 1917 मध्ये शिष्यवृत्तीची मुदत संपली आणि अभ्यास अर्धवट टाकून परतावे लागले. चार वर्षांच्या आत परत येण्याची सवलत तेवढी मिळाली. वेगळ्या जहाजाने पाठवलेली पुस्तके महायुद्धात समुद्रात बुडाली. करारानुसार ते बडोद्यात रुजू झाले, पण अस्पृश्य म्हणून राहायला जागा मिळेना आणि कार्यालयातही अपमान. थोड्याच दिवसांत बडोदा सोडावे लागले.

इथे बरेच जण लंडनचा विचार सोडून देतील. त्यांनी मुंबईच्या सिडनहॅम कॉलेजात 450 रुपये पगाराची प्राध्यापकी धरली आणि पैसे साठवले. कोल्हापूरच्या शाहू महाराजांनी मदत केली. मित्र नवल भथेना यांच्याकडून पाच हजार रुपये उसने घेतले आणि 1920 मध्ये ते पुन्हा लंडनला गेले. शिष्यवृत्ती नव्हती. दिवसभर ब्रिटिश म्युझियमचे ग्रंथालय, जेवण जेमतेम, रात्रीच्या भुकेला भाजलेले पापड. इकडे मुंबईत रमाबाई तुटपुंज्या पैशांत संसार ओढत होत्या. या पदवीचा खर्च मांडताना तो आकडा कुणी धरत नाही.

पैसे पुरले का?

नाही. ऑक्टोबर 1922 मध्ये रुपयाच्या प्रश्नावरचा डीएस्सीचा प्रबंध त्यांनी सादर केला. परीक्षकांनी तो सुधारून मागितला. तोवर पैसे संपत आले होते. एप्रिल 1923 मध्ये ते मुंबईला परतले, इथूनच सुधारित प्रबंध पाठवला आणि नोव्हेंबरमध्ये डीएस्सी मिळाली.

गंमत म्हणजे शिष्यवृत्तीवर आधी केलेली कोलंबियाची पीएचडी कागदावर नंतर आली. तो प्रबंध 1925 मध्ये छापला गेला आणि पदवी जून 1927 मध्ये मिळाली. तोवर महाडचा चवदार तळ्याचा सत्याग्रह होऊन गेला होता.