कार्व्हरांचं बोट धरून

वीणा गवाणकरांचं ‘एक होता कार्व्हर’ आपल्यापैकी बऱ्याच जणींनी कधी ना कधी वाचलेलं असतं. कुणाला शाळेत बक्षीस मिळालेलं, कुणी वाचनालयातून आणलेलं. पण कार्व्हरांचा विषय निघाला की सगळ्यांना आठवतो तो शेंगदाणा. मला मात्र हल्ली आठवतात ती त्यांच्या गोष्टीतली लहान मुलं. आमच्या महिला मंडळानं अंगणवाडीत परसबाग करायला घेतली तेव्हापासून तर फारच.

जॉर्ज वॉशिंग्टन कार्व्हर जन्मले १८६४ च्या सुमारास, अमेरिकेतल्या मिसुरी राज्यात, एका गुलाम आईच्या पोटी. नक्की तारीख नाही; गुलामांच्या पोरांची तारीख कोण लिहून ठेवणार? तान्हं असतानाच एका टोळीनं मायलेकरांना पळवून नेलं. मालक मोझेस कार्व्हर यांनी माणूस धाडला. बाळ तेवढं परत मिळालं, त्याच्या बदल्यात एक घोडा द्यावा लागला. आई पुन्हा कधी दिसली नाही.

पोर किडकिडीत, सतत आजारी. शेतातली जड कामं झेपेनात, म्हणून मालकीणबाई सुझन यांच्या हाताखाली चूल, शिवणटिपण, परसातली भाजी हे सगळं तो शिकला. आणि जवळच्या रानात त्यानं स्वतःची एक छोटीशी बाग केली, तीही लपवून. फुलझाडांत वेळ घालवणं म्हणजे रिकामपणाचा उद्योग, असं तेव्हा मोठी माणसं मानायची. (आपल्याकडेही फार वेगळं नाही म्हणा!) पण हळूहळू शेजारपाजारच्या बाया आपली सुकलेली रोपं त्याच्याकडे आणायला लागल्या. शाळेचं तोंड न पाहिलेला मुलगा गावचा झाडांचा डॉक्टर झाला.

शिक्षणासाठी घर सोडलं तेव्हा निओशो गावात मरिया वॉटकिन्स या सुईणबाईंनी त्याला आसरा दिला. त्या लोकांचे कपडे धूत आणि झाडपाल्याची औषधं जाणत. दोन्ही विद्या त्यानं उचलल्या, आणि पुढची कितीतरी वर्षं लोकांचे कपडे धुऊन, इस्त्री करून शिक्षण केलं. कॅन्ससमधल्या एका कॉलेजनं प्रवेश दिला होता, पण हा मुलगा काळा आहे हे पाहिल्यावर दारातूनच परत पाठवलं. शेवटी १८९० मध्ये आयोवात चित्रकला शिकायला जागा मिळाली. तिथल्या शिक्षिका एटा बड यांनी त्याची झाडांची चित्रं पाहिली आणि त्याला शेतकी कॉलेजकडे वळवलं.

आता मला सांगायची आहे ती गोष्ट. या शेतकी कॉलेजात वॉलेस नावाच्या प्राध्यापकांचा पाच-सहा वर्षांचा मुलगा होता, हेन्री. कार्व्हर रानात वनस्पती गोळा करायला निघाले की या पोराला बरोबर न्यायचे. गवताचं फूल कसं असतं, त्यात पुंकेसर कुठला, स्त्रीकेसर कुठला, हे त्याला दाखवायचे. एवढ्याशा पोराला काय कळणार, असं त्यांना वाटलं नाही. हाच हेन्री मोठेपणी मक्याची नवी वाणं तयार करणारा संशोधक झाला, १९३३ मध्ये अमेरिकेचा कृषिमंत्री आणि १९४१ मध्ये उपराष्ट्राध्यक्ष. १९४० मध्ये तो मेक्सिकोत गेला, तिथल्या शेतीची दैना पाहिली आणि परत येऊन संशोधनासाठी खटपट केली. त्यातून जे काम उभं राहिलं, तिथेच नॉर्मन बोरलॉग यांनी बुटका गहू तयार केला. १९६० च्या दशकात तो भारतात आला. म्हणजे आपल्या हरितक्रांतीचा एक धागा त्या रानातल्या भटकंतीपर्यंत पोचतो!

खतांच्या पोत्यांवर पोसलेली ती शेती स्वतः कार्व्हरांना कितपत रुचली असती, याची मला शंकाच आहे. कारण १८९६ मध्ये ते अलाबामातल्या टस्कीगी संस्थेत शिकवायला गेले तेव्हा जमीन कापसानं पार निचरून गेलेली, आणि विकतचं खत घ्यायला तिथल्या गरीब काळ्या शेतकऱ्यांकडे पैसा नव्हता. कार्व्हरांनी रानातला पालापाचोळा, दलदलीतला गाळ, स्वयंपाकघरातला कचरा कुजवून घालायला शिकवलं. कापसानंतर चवळी, भुईमूग लावा, जमिनीला नत्र मिळेल आणि पोराबाळांच्या पोटातही काही जाईल, हे पटवलं.

पोटाचाच मोठा प्रश्न होता. कापूस अगदी दारापर्यंत पेरलेला. भाजीला वाफा नाही. जेवण म्हणजे मक्याचं पीठ, खारवलेलं चरबट मांस आणि काकवी. अशा जेवणातून पेलाग्रा व्हायचा: अंगाची कातडी सोलवटते, जुलाब लागतात, पुढे मनही थाऱ्यावर राहत नाही. आपल्या दख्खनमध्ये नुसत्या ज्वारीवर दिवस काढणाऱ्या गरीब घरांतही तो आढळलेला आहे.

कार्व्हरांच्या पुस्तिका मला म्हणूनच आवडतात. पीक कसं लावायचं हे शेतकऱ्यासाठी, थोडं शास्त्र मास्तरांसाठी आणि पाककृती घरच्या बाईसाठी, सगळं एकत्र. १९१६ मध्ये त्यांनी भुईमुगाचे १०५ पदार्थ छापले. खेड्यातल्या शाळांत बागकाम कसं शिकवावं यावरही १९१० मध्ये पुस्तिका काढली. शिवाय १९०६ पासून घोडागाडीवर अवजारं, बियाणं लादून फिरती शाळाच गावोगाव जाऊ लागली.

ते देवमाणूस होते असं मी म्हणणार नाही. हिशेब त्यांना जमत नसत. संस्थेच्या कोंबड्यांच्या खुराड्यावरून संचालक बुकर वॉशिंग्टन यांच्याशी सारखे खटके उडत. पीनट बटर त्यांनी शोधलं हेही खरं नाही. बाजारात चाललेले शोध थोडेच. पण गरिबाच्या अंगणात अन्न उगवावं, हा ध्यास सुटला नाही.

आमच्या अंगणवाडीत काही आयांनी सुरुवातीला तक्रार केली, की पोराला मातीत हात घालायला पाठवत नाही आम्ही. चवळीच्या शेंगा लागल्या तेव्हा घरी ताटातली भाजी बाजूला सारणारी मुलंच ‘माझी शेंग, माझी शेंग’ करत पातेल्यापाशी उभी होती. एका आईनं तर बी मागून नेलं.

दुसऱ्या महायुद्धात, १९४२ मध्ये, कार्व्हरांनी आणखी एक पुस्तिका काढली: रानात, बांधावर फुकट उगवणाऱ्या आणि खाता येणाऱ्या पालेभाज्यांची. वय अठ्ठ्याहत्तरच्या आसपास. त्या भाज्यांत आपला चाकवतही आहे. ५ जानेवारी १९४३ रोजी ते गेले. साठवलेले सुमारे ६० हजार डॉलर त्यांनी टस्कीगीतल्या शेतीसंशोधनासाठी आधीच देऊन टाकले होते.