वाटाण्याचं रोप आणि दादासाहेब

दहावीतला मुलगा पुस्तकासमोर पाच मिनिटं टिकत नाही. तोच जुना रेडिओ उघडून बसला की जेवणाचं भान नसतं. मग घरात त्याला आळशी ठरवलं जातं. एडीएचडीमध्ये नेमकं हेच फसवं असतं. लक्ष असतं, पण ते हवं तिथे, हवं तेव्हा वळवणं जमत नाही. लक्षणं बाराव्या वर्षाआधीपासून होती का, घरी आणि शाळेतही दिसतात का, हे डॉक्टर तपासतात. त्यामुळे ऐंशी वर्षांपूर्वी गेलेल्या माणसाचं निदान आपण करू नये. पण दादासाहेब फाळक्यांची आठवण या पालकांना जरूर करून द्यावीशी वाटते.

३० एप्रिल १८७० रोजी त्र्यंबकेश्वरी जन्मलेला हा धुंडिराज. वडील दाजीशास्त्री संस्कृतचे विद्वान. मुलाचा ओढा मात्र चित्रांकडे. बिऱ्हाड मुंबईला आलं आणि १८८५ मध्ये, पंधराव्या वर्षी, शास्त्र्यांचा हा मुलगा जे. जे. कलाशाळेत दाखल झाला. त्या काळी ही साधी गोष्ट नव्हती. पुढे बडोद्याचं कलाभवन. मग फोटो स्टुडिओ, जादूचे प्रयोग, पुरातत्त्व खात्यात ड्राफ्ट्समनची नोकरी, ती सोडून छापखाना, भागीदारांशी बिनसल्यावर तोही सोडला. चाळिशीला आलेला संसारी माणूस आणि हाताशी स्थिर असं काही नाही!

तेवढ्यात त्यांनी ख्रिस्ताच्या जीवनावरचा चित्रपट पाहिला. त्यानंतर सिनेमाचा इतका ध्यास घेतला की डोळ्यांवर ताण येऊन काही काळ दिसेनासं झालं. उपचारांनी दृष्टी परतली. १९१२ मध्ये विमा पॉलिसी गहाण टाकून लंडन गाठलं, तंत्र शिकून आले. भांडवलासाठी लोकांची खात्री पटवायची होती. त्यांनी कुंडीत वाटाणा पेरला आणि महिन्याहून जास्त काळ, थोडं थोडं करत, त्याची वाढ कॅमेऱ्यात टिपली. नोकरीत न टिकलेला माणूस त्या रोपाशी टिकला.

पत्नी सरस्वतीबाईंनी दागिने दिले, कच्च्या फिल्मला भोकं पाडायचं किचकट काम केलं, सगळ्या मंडळींचा स्वयंपाकही सांभाळला. ३ मे १९१३ रोजी मुंबईच्या कॉरोनेशनमध्ये 'राजा हरिश्चंद्र' लागला. त्याच वर्षी बिऱ्हाड नाशिकला आलं. पुढे इथल्या कंपनीतही त्यांचं बिनसलं, काशीला निघून गेले, परत आले. सरस्वतीबाई तेव्हाही सोबत होत्या.